लोणी लागलेली राणी

फ्रिजच्या मधल्या फळीवर, लोण्याच्या डब्याला टेकून, काचेच्या नळीत राणी गारठत पडली होती; आणि नेमकं त्याच वेळी सासूबाईंना लोणी हवं झालं.

डबा ओढला गेला, नळी गडगडली, कापसाचं बूच निघालं आणि एक थोराड काळी मुंगी पोटावर लोण्यात पडली. सासूबाईंनी चष्मा खाली सरकवून पाहिलं. त्या घाबरल्या नाहीत. टेलिफोनच्या कचेरीत उभं आयुष्य लोकांच्या लाइनी जोडण्यात गेलेली बाई मुंगीला काय घाबरणार? त्यांनी नुसता बाहेरच्या खोलीकडे आवाज टाकला.

"जावई, तुमची मुंगी पावाला लावू का?"

जावई हातातली कवळी टाकून धावत आला. कवळ्या बनवणं हाच त्याचा धंदा. दवाखाने ठसे पाठवायचे आणि हा मागच्या खोलीत बसून त्यांवर दात बसवायचा. गल्लीत त्याला दातवालाच म्हणत.

"आई, फ्रिजला हात लावू नका म्हटलं होतं ना."

"फ्रिजला हात न लावता लोणी कसं काढायचं तेही सांगून ठेवायचं होतं."

"थंड करायला ठेवलेली. थंड झाली की हलत नाही. हलली नाही की फोटो नीट येतो."

"मेली की त्याहून हलत नाही."

या वाक्यावर दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. का टाळलं ते पुढे येईलच.

ही राणी काही साखरेच्या बरणीत सापडलेली मुंगी नव्हती. दातवाल्याची बायको वजनकाट्यांची तपासनीस. दुकानात जायचं, काटा खरा की खोटा बघायचं, खोटा असला तर सील ठोकायचं, हे तिचं काम. ते काम तिने केलं, एवढीच तिची चूक. बाजारातल्या सगळ्यात मोठ्या वखारीचा काटा तिने सील केला, आणि वखारवाला निघाला साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसणारा. काटा सुटला, बाई अडकली. 'प्रशासकीय निकड' म्हणून रात्रभराच्या प्रवासावर बदली. निकड कसली? त्या गावात चार दुकानं, त्यातल्या तीन दुकानांत काटाच नाही, सगळा व्यवहार अंदाजाने. खोट्या काट्याची कुणाला भीती वाटत नाही, भीती वाटते खरं वजन सांगणाऱ्या बाईची. असो म्हणतात अशा वेळी. असो म्हणायचं नाही खरं तर, पण गोष्ट मुंगीची आहे.

निघायच्या संध्याकाळी ती बॅग भरत होती. बाहेर पाऊस पडून गेलेला, हवा दमट, दिव्याला पंखांचे किडे लागलेले. त्यातली एक मोठी मुंगी घडी केलेल्या टॉवेलवर उतरली, स्वतःच्या पायांनी स्वतःचे पंख खुडून टाकले आणि लपायला जागा शोधू लागली. बायकोने तिच्यावर पेला पालथा घातला आणि फोनवर बरंच काही वाचलं.

"अरे, राणी आहे ही. सुतार मुंगीची. लाकूड पोखरून घर करतात त्या."

"माझं कपाट लाकडी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आता ही कुठंतरी एकटीच कोंडून घेणार. खाणार नाही, पिणार नाही, अंडी घालणार आणि पहिल्या पोरी एकटीने वाढवणार." बायको पेल्याकडे बघत राहिली. बॅग अर्धी भरायची होती. "हिला ठेवू या. मी फोन केला की हिची खबर सांगत जा."

म्हणून राणी राहिली. तळाशी पाणी, त्यावर कापूस, त्यापुढे राणी, तोंडाशी पुन्हा कापूस, असं नळीतलं बिऱ्हाड. वरून लाल जिलेटिनचा कागद, कारण मुंग्यांना लाल रंग दिसत नाही म्हणे, त्यांना तो अंधार वाटतो. माणसांना मात्र त्या कागदातून सगळंच तांबडं-काळं दिसतं.

राणी नव्हती तेव्हाही बायको मधूनमधून कामाला बाहेरगावी राहायची, आणि तेव्हाचे फोन असे असत: "जेवलास?" "जेवलो. तू?" "जेवले." "मग?" "मग काय." दुसऱ्यांची बोळकी भरून देणाऱ्या या माणसाचं स्वतःचं तोंड फोनवर उघडत नसे. घरभर तिच्या वस्तू तिची वाट बघत पडलेल्या, चपला दाराशी, कंगवा खिडकीत, आणि हा सांगायचा काय, तर नळाला पाणी आलं होतं.

राणी आली आणि बोलणं लांबलं.

"काय करतेय?"

"बसलीय."

"कुठं?"

"कापसाला टेकून. भिंतीकडे तोंड करून."

"मीही भिंतीकडेच तोंड करून बसलेय. इथं खिडकीसमोर भिंतच आहे." मग त्या भिंतीवर काय लिहिलंय, खोलीतला पंखा कसा कुरकुरतो, एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा कसा येतो, असं एकातून एक निघत राही. सासूबाई बाजूला बसून काही ऐकत नसल्यासारखं सगळं ऐकत. दर रविवारी दातवाला लाल कागद सरकवून राणीचा फोटो काढी आणि पाठवी.

आता त्याचं गुपित. पहिली राणी कधीच मेली होती. कामाच्या खोलीत ऊब मिळेल म्हणून त्याने नळी कवळ्या शिजवायच्या पातेल्याशेजारी ठेवली. पाणी आटलं, कापूस वाळला, राणी गेली. संध्याकाळी बायकोचा फोन यायचा होता. त्याने 'राणी गेली' हे वाक्य मनात म्हणून बघितलं आणि त्याच्यापुढे त्याला फक्त 'मग काय' ऐकू आलं. तो उठून कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या पाटीखाली गेला, पाटीच्या दिव्याला आलेली दुसरी राणी पकडली आणि नळीत सोडली. फोन आला तेव्हा तो म्हणाला, "मजेत आहे."

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पण नवी राणी अंडी घालेना. पावसाळा सरत आला, तरी नळीत एक अंडं नाही. सुतार मुंगीची राणी पंधरवड्यात अंडी घालते असं सगळीकडे लिहिलेलं. काही जाती उशिरा घालत असतील, अशी त्याने समजूत काढली, आणि त्यातून त्याला ती अवदसा आठवली: राणीची जात ओळखून घ्यायची. बायको दोन दिवसांसाठी पुन्हा येणार होती. तिला राणीचं नाव सांगायचं. दुसरं द्यायला त्याच्याकडे होतं तरी काय?

गंमत अशी, की ही कल्पना घरात कुणालाच आवडली नाही. फोनवर बायको म्हणाली, "कशाला उगाच? मुंगी आहे, मुंगी म्हणायचं." सासूबाई म्हणाल्या, "मुंगीची जात विचारायला निघालात. माणसांच्या विचारून झाल्या वाटतं सगळ्या." दोघींच्या आवाजात एक घाई होती. दाताची बारीकशी छटाही नजरेने ओळखणाऱ्या या माणसाला ती घाई काही दिसली नाही.

तर, राणी लोण्यात.

दातवाल्याने तिला चमच्याने उचलली आणि कामाच्या टेबलावर नेली. दातांवर बारीक छटा भरायचा त्याचा एक ब्रश होता, चारदोन केसांचा. त्याने तो गरम पाण्यात बुडवून राणीचं पोट पुसायला घेतलं. सासूबाईंनी दिवा धरला.

"हळू. पाय आहेत ते."

"दिसतायत मला."

"सहा आहेत. पुसून झाल्यावर मोजा."

राणी सावध व्हायच्या आत फोटो घ्यायला हवेत म्हणून पुसणं अर्धवट सोडून त्याने फोटो काढले: वरून, बाजूने, तोंडासमोरून. मापासाठी शेजारी काहीतरी ठेवा, असं मुंग्यांच्या हौशी लोकांच्या त्या गटात लिहिलं होतं. पट्टी सापडेना. त्याने हाताशी होतं ते ठेवलं.

त्या गटात जात ओळखणारे एक गृहस्थ होते. नावाच्या जागी नाव नाही, चेहऱ्याच्या जागी मुंगीची एक मिशी. सगळे त्यांना मिशीसाहेब म्हणत. जगात कुठल्याही विषयाचा असा एक माणूस असतोच, जो आधी तुमची लायकी काढतो आणि मग उत्तर देतो. पण हे बरे होते. आधी फक्त प्रश्न विचारत.

"पोटावर चमक दिसते," त्यांनी लिहिलं. "नैसर्गिक आहे का?"

"नाही," दातवाल्याने लिहिलं. "लोणी आहे."

मिशीसाहेब पुढच्या प्रश्नावर गेले.

"शेजारी काय ठेवलंय?"

"दात. मापासाठी. वरचा, पुढचा."

"कुणाचा?"

"अजून कुणाचा नाही."

गटातल्या बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकायला सुरुवात केली. मिशीसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, लोण्यामुळे अंगावरचे केस दिसत नाहीत, आणि सुतार मुंगीत निम्मी ओळख केसांवर असते; जुने फोटो असतील तर पाठवा. जुने फोटो होतेच. दातवाल्याने हुशारी केली. पहिल्या, मेलेल्या राणीचे वगळून फक्त नंतरचे दोन निवडले: एक बायको मागे येऊन गेली त्याच्या आधीचा, एक ती गेल्यानंतरचा. आणि लोणीवालीला पुन्हा नीट पुसून तिचाही एक नवा.

उत्तर जेवायच्या वेळी आलं.

"पहिल्या फोटोतल्या राणीच्या पोटावर सोनेरी केस दाट आहेत. दुसरीचं पोट गुळगुळीत, पाय तांबूस. तिसरी, म्हणजे लोणीवाली, तिच्या गालावरही केस आहेत आणि डोकं रुंद आहे. तिघी सुतार मुंग्याच, पण जाती तीन. तुमच्याकडे राण्या किती?"

"एक."

"मग घरात माणसं किती?"

दातवाल्याने 'दोन' लिहिलं. खोडलं. 'तीन' लिहिलं. तेही खोडलं. शेवटी फोन पालथा ठेवला आणि समोर जेवणाऱ्या सासूबाईंकडे बघितलं.

"आई, राणीच्या गालावर केस आहेत."

"वय झालं की येतात. मलाही आहेत."

"आधी नव्हते."

"मलाही आधी नव्हते."

"आणि पायांचा रंग बदललाय. तांबूस होते, काळे झालेत."

सासूबाईंनी घास खाली ठेवला. टेलिफोनवाली बाई, खोटं बोलताना समोरचा कसा श्वास घेतो ते कानाने ओळखणारी. तिला स्वतःला मात्र खोटं पेलत नसे.

"टेबल पुसत होते," त्या म्हणाल्या. "नळी उचलली आणि उलटी ठेवली. पाणी सगळं तिच्यावर गेलं. दुपारी बघितलं तर तरंगत होती."

"मग?"

"मग जिन्यातल्या दिव्याखाली जाऊन बसले. एका संध्याकाळी काही आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. खालची बाई विचारायची, वारा खाताय का. म्हटलं, हो. तोवर मेलेलीच लाल कागदामागे टेकवून ठेवली होती. तिसऱ्या संध्याकाळी ही आली."

"मला सांगायचंत."

"सांगून काय झालं असतं? मी उभं आयुष्य नवरा-बायकोंचे फोन जोडले, जावई. पैसे भरायचे तीन मिनिटांचे आणि दोन मिनिटं गप्प बसायचे. मी मध्ये कान लावून बसलेली, माझा जीव वर-खाली व्हायचा, की अरे बोला, लाइन जाईल आता. तुमचं-तिचं तसं झालं होतं. या मुंगीने जरा कुठं बोलायला लागला होतात." त्या थांबल्या. "आणि तुम्ही बोलत होतात तेव्हाच मला तिचा आवाज ऐकू यायचा. माझ्याशी बोलते ती औषधाचंच बोलते."

दातवाल्याने ताट बाजूला सारलं. मग त्याने पातेल्याची गोष्ट सांगून टाकली.

सासूबाईंनी हिशोब घातला. "म्हणजे पहिली तिची, ती तुम्ही शिजवलीत. दुसरी तुमची, ती मी बुडवली. तिसरी माझी. झाल्या की तीन."

"नाही झाल्या. तिच्या पहिलीचा फोटो मी पाठवलाच नाही. हे तिन्ही फोटो माझ्या राणीपासून पुढचे. एक माझी, एक तुमची." त्याने मधल्या फोटोवर बोट ठेवलं. "मग ही तांबूस पायांची कुणी आणली?"

दोघंही फोटोवर वाकली. मग सासूबाई सावकाश म्हणाल्या, "मागे आली होती तेव्हा तिने तुम्हाला संध्याकाळी कुठं पाठवलं होतं?"

"टॉर्चचे सेल आणायला. आपल्याकडे टॉर्चच नाही."

"आणि मला खालच्या बाईकडे. म्हणे, जाऊन बस जरा, ती एकटी असते."

रविवारी बायको आली. प्रवासाने चेहरा उतरलेला, केसांत धूळ. तिने बॅग ठेवली आणि आधी नळीकडे गेली. सील तपासायचं भिंग तिच्या पर्समध्ये असायचंच, ते तिने डोळ्याला लावलं. बराच वेळ बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "तब्येत सुधारलीय."

दातवाल्याने तिच्यासमोर तिन्ही फोटो मांडले. खोटा काटा पुढ्यात आल्यावर दुकानदार जसे दिसतात, तशी ती पहिल्यांदाच दिसली.

"डास फार होते रे," ती म्हणाली. "मी फवारा मारला. नळी खिडकीत आहे हे लक्षातच आलं नाही. कापसातून आत गेला असणार." ती भिंग बंद-उघड करत राहिली. "तुम्हाला दोघांना बाहेर घालवलं आणि रस्त्याच्या दिव्याखाली उभी राहिले. मला वाटलं, राणी गेली असं कळलं की तू पुन्हा 'जेवलीस का' वर येशील. दिवसभर मी कुणाशी बोलत नाही तिथं. तुझा फोन तेवढाच असतो."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसू फुटलं. सासूबाई तर डोळ्याला पदर लावून हसल्या. हसू ओसरल्यावर तिने भिंग पर्समध्ये ठेवलं.

"परत ये," दातवाला म्हणाला. इतके महिने घशात अडकलेले दोन शब्द, लोण्यातून सुटल्यासारखे आले.

"येता येईल. साहेबांचा निरोप आहे. काटा चुकून सील केला, माझी मोजणी चुकली, एवढं लिहून द्यायचं. महिन्याभरात इथं."

"काटा खरा होता का?"

"खोटा होता. पोत्यामागे किलोभर तरी मारत होता."

त्याने दाराशी पडलेल्या तिच्या चपलांकडे बघितलं. सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. त्या घरात तिची सगळ्यात जास्त गरज ज्याला होती, त्यालाच हे बोलायचं होतं, आणि साहेबलोक अशी पाळी बरोबर आणतात.

"मग देऊ नकोस लिहून," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि संध्याकाळ होईपर्यंत तिथून उठली नाही.

सोमवारी ती निघाली तेव्हा नळी तिच्या पर्समध्ये होती. "आता माझी पाळी," ती म्हणाली. "खबर विचारायला तू फोन करायचास." बस सुटल्यावर दातवाल्याच्या फोनवर मिशीसाहेबांचं शेवटचं मत आलं: लोणीवालीची नक्की जात तिच्या पहिल्या पोरी बाहेर आल्याशिवाय सांगता येणार नाही, तोवर तिला अजिबात हलवू नये, धक्का तर मुळीच लागता कामा नये. दातवाल्याने रस्त्यातले खड्डे आठवले आणि फोन खिशात घातला.

मंगळवारी संध्याकाळी त्याने फोन लावला. सासूबाई बाजूला खुर्ची ओढून, काही ऐकत नसल्यासारख्या बसल्या.

"राणी कशी आहे?"

पलीकडे एक श्वास थांबला. सासूबाईंनी मान वर केली.

"मजेत आहे," बायको म्हणाली.

तिच्या आवाजामागे काहीतरी टपटप आपटत होतं. पाऊस नव्हे. दिव्याच्या पत्र्याच्या छत्रीवर पंखांचे किडे आपटावेत, तसं.

"तू कुठं उभी आहेस?"

"इथंच. खाली."

"खाली कुठं?"

ती हसली. पलीकडून एक स्कूटर गेली, आणि पुन्हा ती टपटप.

"दिव्याखाली," ती म्हणाली. "अजून काही आलं नाही."

"थांब मग," दातवाला म्हणाला. "फोन ठेवू नकोस. मीही येतो." तो फोन कानाला धरून उठला, पायात चपला सरकवल्या आणि जिन्यातल्या दिव्याकडे निघाला. घाईत त्याने चपला तिच्या घातल्या होत्या, टाच अर्धी बाहेर.

सासूबाई मागून दारापर्यंत आल्या.

"पेला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हाताने काय उभे राहता?"